मोठेबाबांचं मयतीचं कार्ड

जयवंताच्या चित्रात कोणी ना कोणी मेलेलं असायचंच. एक चौकट, चौकटीत एक मेलेला किंवा मरायला टेकलेला माणूस आणि खाली एक ओळ. संपलं चित्र. रॉकेलच्या रांगेतल्या माणसाला न्यायला यमदूत आलाय, आणि माणूस त्याला म्हणतोय, 'थांब ना गा, दोघंच उरले माझ्यापुढं.' नीट पाहिलं तर यमदूताच्या हातातही रिकामा डबा. किंवा तिरडीवरचा म्हातारा मान उचलून खांदेकऱ्यांना सांगतोय, 'या गल्लीतून नका नेऊ, इथं माझी सासुरवाडी हाय.'

नववीतल्या मुलीनं असलं काही काढावं का, हा प्रश्न शाळेत कुसुमताईंना पडला होता. त्या चित्रकला शिकवायच्या आणि व्हरांड्यातलं भित्तिपत्रकही त्याच सांभाळायच्या. रॉकेलवालं चित्र पाहून त्यांनी आधी तोंडावर रुमाल धरला, मग रुमाल काढून गंभीरपणे म्हणाल्या, "जयवंता, शेवंती काढ ना गं. किती छान दिसेल. मरणावर कोणी हसतं का?"

पण रुमालाच्या वर डोळे असतात, आणि कुसुमताईंचे डोळे जयवंतानं बरोबर टिपले होते. आठवीपर्यंत जी मुलगी हजेरीला 'उपस्थित' इतक्या हळू म्हणायची की ताई तिची गैरहजेरी लावून मोकळ्या व्हायच्या, ती त्या दिवशी टांडापेठेतल्या घरी उड्या मारत आली. आपल्याला काहीतरी येतं, हे एकदा कळलं की पायांना कुठं दम असतो.

हे वेड तिला लागलं एका मयतीत. ती तेव्हा लहान होती. गल्लीतला एक म्हातारा वारला होता, बायांचा आकांत चालला होता, आणि दारात चार माणसं बांबू वाकडा निघाला म्हणून भांडत होती. "असा बांबू लावला तर बुढा अर्ध्या रस्त्यात उतरून पायी जाईन," असं कोणीतरी म्हणालं. जयवंताला हसू फुटलं. ते आवरावं म्हणून तिनं पदराचा बोळा तोंडात कोंबला. पदर आईचा होता, त्यामुळे आईला कळलं आणि दंडाला असा चिमटा बसला की डोळ्यांत पाणी आलं. बाया म्हणाल्या, किती मायेची पोर. एकट्या मोठेबाबांनी सगळं पाहिलं होतं. त्यांनी लांबून हळूच एक डोळा मिटला.

मोठेबाबा म्हणजे बाबनराव, जयवंताच्या बापाचे थोरले भाऊ. बाप नत्थूजी गिरणीत पाळीला जायचा, पण मोठेबाबांनी घरचा हातमाग सोडला नव्हता. बायको कधीचीच गेलेली, पोरबाळ नाही. जमिनीतल्या खड्ड्यात पाय सोडून ते मागावर बसायचे आणि दिवसभर खटक-खटक लुगडं विणायचे. किनारीची नक्षी आधी कागदावर चौकोन आखून काढायची, हे जयवंता त्यांच्याकडेच शिकली. जेवढी जागा तेवढ्यातच सगळं बसवायचं, बाहेर धागा जाता कामा नये. तिच्या चौकटी तिथूनच आल्या.

चित्र काढून झालं की ती मागासमोर उभी राहायची आणि कागद पुढं धरायची. मोठेबाबा हात न थांबवता बघायचे. धोटा इकडून तिकडे, तिकडून इकडे. चित्र फसलं असेल तर खटक-खटक चालूच. जमलं असेल तर माग थांबायचा, मोठेबाबांच्या नाकातून 'खुक्' असा आवाज यायचा आणि मग ते म्हणायचे, "मारशीन तू मले एखाद दिवशी." माग थांबला की चित्र पास. कुसुमताईंच्या शेऱ्या-बिऱ्याला त्यापुढं काही किंमत नव्हती.

शेजारच्या तुळजाबाईला मात्र हे बघवत नसे. तुळजाबाई म्हणजे गल्लीचं शास्त्र. कुठल्या दिवशी काय खायचं, कोणी कोणाच्या सावलीला उभं राहायचं नाही, सगळं तिला तोंडपाठ. "पोट्टी म्हणजे परक्या घरचं धन," ती येता-जाता जयवंताच्या आईला ऐकवायची. "तिले कागद-शाई पुरवून काय करून राहिले तुम्ही?" त्यावर जयवंता मनातल्या मनात तुळजाबाईसाठी एक चांगलीशी तिरडी बांधायची, आणि बांबू मुद्दाम वाकडा निवडायची.

तर कावळ्याचं असं झालं.

थंडीचे दिवस होते आणि गल्लीत पाजणी चालली होती. पाजणी म्हणजे लुगड्याचा उभा ताणा गल्लीभर ताणून धरायचा, त्याला भाताची खळ लावायची, कुंच्यानं सारखी करायची आणि उन्हात वाळवायची. तेवढा वेळ गल्ली बंद. सायकलवाले उतरून, वाकून, ताण्याखालून जातात आणि शिव्या देत नाहीत, कारण त्यांच्याही घरी ताणा असतो. मोठेबाबांनी डोक्याला फडकं बांधलं होतं आणि हाताला लागलेली खळ ते त्या फडक्यालाच पुसत होते. ऊन चढेपर्यंत त्यांच्या डोक्यावर चांगला वाटीभर भात जमला असेल. भिंतीवर एक कावळा बसून हे सारं पाहत होता. त्यानं विचार केला असेल-नसेल, पण तो उडाला आणि सरळ मोठेबाबांच्या डोक्यावर येऊन बसला. बसला तो बसला, वर दोन चोची मारल्या आणि मग आरामात गेला.

कुंचा कोणाच्या हातात होता तो तिथंच राहिला.

"डोक्शावर बसला वं," तुळजाबाई ओट्यावरून म्हणाली. "कावळा बसला बाबनरावाच्या डोक्शावर."

"खळ खायले आला होता तो," मोठेबाबा म्हणाले. "मले न्यायले कायले येईन?"

पण त्यांनी फडकं सोडलं, हात धुतले आणि घरात जाऊन बसले. पाजणी शेजाऱ्यांनी उरकली.

डोक्यावर कावळा बसला की माणसाचं मरण जवळ आलं, हे टांडापेठेत शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. त्यावरचा उताराही ठाऊक होता. माणूस मेला अशी खोटीच बातमी बाहेरगावच्या नातलगाला पाठवायची. तो नातलग रडला की मरणाला वाटतं, इथलं काम झालेलं दिसतं, आणि ते पुढच्या घरी जातं. रडणारे धावत येतात, तो मेलेला माणूसच त्यांना दारात पाणी देतो, मग शिव्या, हसणं, जेवण. तुळजाबाईच्या दिराच्या वेळी माणसं रडत आली, जेवली आणि जाताना त्याची छत्री घेऊन गेली, पण दीर पुढं किती तरी वर्षं जगला.

"रडणारं रक्ताचं पाहजे," तुळजाबाईनं नियम सांगितले. "घरातलं नाही चालत, परक्या घरचं पाहजे. आन् खरं रडलं पाहजे. कांदा-फांदा चालत नाही."

रक्ताची आणि परक्या घरची म्हणजे रुखमा आत्या. मोठेबाबांची एकुलती एक बहीण, उमरेडला दिलेली. मोठेबाबा दिवसभर "हे सगळं खुळं हाय" म्हणत राहिले आणि दिवेलागणीला हळूच म्हणाले, "रुखमीले कार्ड टाकलं का?"

घरात अक्षर चांगलं एकाचंच. जयवंताला पोस्टकार्ड देऊन बसवलं. मजकूर नत्थूजीनं सांगितला: 'बाबनराव आज सकाळी वारले. ताबडतोब निघणे.' वाईट बातमीच्या कार्डाचा एक कोपरा फाडायचा असतो, तो आईनं फाडला. दोन ओळी लिहून झाल्या, आणि खाली जागाच जागा उरली.

आता मरणाचा मजकूर एवढा आखूड का असतो, हे जयवंताला कोणी सांगितलेलं नव्हतं. तिला फक्त ती कोरी जागा दिसत होती. चारी बाजूंनी नीट, आयती चौकट. सकाळपासून एक चित्र तिच्या बोटांत वळवळत होतं. तिरडीवर मोठेबाबा, ते भलंमोठं नाक, कपाळावर बसलेला कावळा, आणि एक डोळा उघडून ते खांदेकऱ्यांना सांगतायत, 'पाजणी अर्धी राहिली. ताणा वाळायच्या आत परत आणून सोडजा.'

तिनं थोडा विचार केला, नाही असं नाही. आत्या आधी मजकूर वाचेल, रडेल. मग खालचं चित्र पाहील, तिला कळेल की खोटं आहे, आणि प्रवासभर बिचारीच्या जिवाला घोर राहणार नाही. म्हणजे उताराही होईल आणि आत्याही सुखात येईल. हा हिशेब तिला इतका आवडला की तिनं टाक शाईत बुडवला. आणि खरं सांगायचं तर आणखी एक गोष्ट होती. तिचं चित्र आजवर घराच्या आणि शाळेच्या बाहेर कधी गेलं नव्हतं. हे मात्र एसटीत बसून उमरेडला जाणार होतं.

सकाळी शाळेत जाता-जाता तिनंच कार्ड पेटीत टाकलं. घरात कोणी ते पुन्हा पाहिलं नाही. मेल्याची बातमी कोण दोनदा वाचतं?

त्यानंतर मोठेबाबा मागावर बसले नाहीत. उतारा होईस्तोवर काम करायचं नाही, असं तुळजाबाईनं सांगितलं होतं. ते दाढी करून, धुवट धोतर नेसून, पाण्याचा गडू भरून ओट्यावर बसले. आईनं साखर राखून ठेवली. येणाऱ्या-जाणाऱ्याची चांगलीच करमणूक झाली. "काहो बाबनराव, गेले होते ना तुम्ही?" सायकलवरून कोणी विचारी. "बस चुकली," मोठेबाबा म्हणत. पण त्यांचा एक कान गल्लीच्या तोंडाशी होता. रुखमाचा गळा मोठा. ती तिकडच्या वळणावरूनच 'दादा गा' करून टाहो फोडणार, हे सगळ्यांना माहीत होतं. बाया कामं उरकून तयार होत्या.

पहिले दोन दिवस कोरे गेले. तिसऱ्या दिवशी दुपारी गल्लीच्या तोंडाशी सायकलरिक्षा थांबली. रुखमा आत्या उतरली, मागून तिचे यजमान महादेवराव बोचकं घेऊन उतरले. आत्याचे खांदे हलत होते. तोंडाला पदर होता.

"आली," तुळजाबाई म्हणाली. "रडत आली."

आत्या जवळ आली तसा तिनं पदर काढला. ती हसत होती. पोट धरून, वाकून, चालता-चालता थांबून हसत होती.

"कुठाय वं तो मेलेला?" तिनं विचारलं. "झाली का पाजणी पुरी? आणून सोडलं का त्याले?"

मोठेबाबांच्या हातातला गडू हातातच राहिला. "रुखमी," ते म्हणाले, "रडली नाही का तू?"

"काहून रडू? हे पाय ना." आत्यानं कमरेच्या पिशवीतून कार्ड काढलं. "पोस्टमननं हातात देलं. मले कोठी वाचता येते? वाचून दाखवायले तो चष्मा पुसत होता, तवर मी चित्र पायलं. कावळा पायला, तुहं नाक पायलं. कळलंच मले, दादाच्या डोक्शावर कावळा बसला आन् यायनं कार्ड टाकलं. मी जे हसली, जे हसली, तो पोस्टमन भेला. त्याले वाटलं, बाई खुळी झाली, भाऊ मेला आन् हसून राहिली."

"आमच्या आख्ख्या गल्लीनं पायलं," महादेवरावांनी भर घातली. "काल दिसभर तेच चाललं. म्हणून यायले उशीर झाला."

जयवंता दारात उभी होती. तिच्या कानांतून वाफ निघाल्यासारखं झालं. आत्याला वाचता येत नाही, हे ती जन्मापासून जाणत होती. दर दिवाळीला आत्याला आलेली पत्रं तिनंच वाचून दाखवली होती. आणि त्याहून मोठी चूक तर तिच्याच धंद्यातली होती. चित्र असलं की माणूस आधी चित्र पाहतो. वाचता येणाराही आधी चित्रच पाहतो. ती स्वतः वाचनालयात दिवाळी अंक हातात घेतला की गोष्टी सोडून आधी व्यंगचित्रं शोधायची. एका चौकटीत 'आधी' आणि 'मग' नसतंच. सगळं एकदम डोळ्यात शिरतं, म्हणून तर हसू एकदम फुटतं.

"चित्र?" आई म्हणाली. "कोणतं चित्र?" आणि मग सगळी गल्ली जयवंताकडे वळली.

तुळजाबाईनं निकाल दिला. "नाही उतरलं. कोणी रडलं नाही, तं नाही उतरलं."

मोठेबाबांनी गडूतलं पाणी ओट्याखाली ओतलं, आत गेले आणि मागाशेजारच्या खाटेवर वाकळ ओढून पडले.

मग सुरू झाला गोंधळ. आत्या म्हणाली, आता रडते, त्यात काय. खाटेजवळ बसून तिनं 'दादा गा' म्हणून सूर लावला, पण तिसऱ्या हेलकाव्याला कार्डावरचं नाक आठवलं आणि सूर मोडला. महादेवरावांनी खापरखेड्याच्या चंद्रभानचं नाव काढलं. तो वीज केंद्रात कामाला, मोठेबाबांचा आतेभाऊ, म्हणजे रक्ताचा आणि परक्या घरचा. पण मग त्यांनाच आठवलं की काल उमरेडहून खापरखेड्याला जाणाऱ्या एका माणसाला त्यांनी ही गंमत सांगून ठेवली आहे. "आता त्याले खरी बातमी गेली तरी तो हसत येईन," ते म्हणाले, आणि सगळ्यांनी असं पाहिलं की ते उठून बाहेर विडी ओढायला गेले.

संध्याकाळी मोठेबाबा जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळीही नाही. नत्थूजी भावाला समजावून पाळीला गेला. जाताना जयवंताचा टाक आणि शाईची दौत उचलून फळीवर, तिचा हात पोचणार नाही तिथं ठेवून गेला. "दादा उठला तं खाली काढीन," तो म्हणाला. "नाही उठला तं हे नाग नदीत."

फळी उंच होती, पण दौतीपेक्षा तिला मागाचं वाटत होतं. माग गप्प होता. तिच्या जन्मापासून तो आवाज घरात असायचा. तो एरवी थांबायचा तो फक्त तिच्या चित्रासाठी.

दुपारी आईनं चहा दिला. "तूच नेऊन दे," ती म्हणाली. "तूच करून ठेवलं ना."

मोठेबाबा भिंतीकडे तोंड करून पडले होते. जयवंतानं कप खड्ड्याच्या काठावर ठेवला.

"मोठेबाबा, चहा."

"ठेव."

"मी चुकली. आत्यानं पयले मजकूर वाचावा असं वाटलं मले."

"तिले वाचता येत नाही."

"हो ना."

मग ते कुशीवर वळले. डोळे उघडे होते.

"तुळजाबाईचं सोड," ते म्हणाले. "कावळ्याचंही सोड वं. खळ खायले आला होता तो, मले काय समजत नाही? पण दोन दिस मी दारात बसलो ना, धुवट धोतर नेसून. वाटे, आता रुखमीचा आवाज येईन. माणूस गेल्यावर लोक रडतात, पण ते त्याले कोठी ऐकू येते? मले जित्तेपणी ऐकायले भेटणार होतं. आन् ती हसत आली."

"तिले कळलं होतं ना, तुम्ही जित्ते हा म्हणून."

"ते खरं. पण बायको गेली, पोर नाही. एक बहीण, तेबी हसते. मंग मी खरंच गेलो तं रडते कोण? गल्लीतले येतील, बांबू वाकडा हाय म्हणून भांडतील, चहा पिऊन चालले जातील." त्यांनी जयवंताकडे पाहिलं. "तुह्या चित्रायले मी हसतो, ते दुसऱ्यायचे असतात म्हणून. एक सांग. मी गेलो तं तुले हसू येईन का?"

यावर काहीतरी चुरचुरीत बोलावं म्हणून जयवंतानं तोंड उघडलं. आणि सवयीनं तिच्या डोक्यात चौकट उभी राहिली. ती काही तिनं बोलावली नव्हती. चौकटीत माग होता. खड्डा रिकामा होता. धोटा एका बाजूला पडला होता, आणि मागासमोर एक मुलगी हातात नवं चित्र धरून उभी होती. माग थांबावा म्हणून उभी होती, आणि माग तर चालतच नव्हता.

खाली ओळ काय, म्हणून ती शोधायला लागली. तिला ओळ नेहमी पटकन सुचायची. रॉकेलच्या चित्राची तर चित्राआधी सुचली होती. या चित्राला ओळच सुचेना. ती शोधत राहिली आणि चौकटीतली मुलगी कागद धरून उभीच राहिली.

मग जयवंता रडली. मुलींनी गोष्टीत रडावं तसं गालावर एक थेंब वगैरे नाही. ती भोकाड पसरून, नाक गळेपर्यंत, उचक्या देत रडली. "मोठेबाबा, तुम्ही नका जाऊ," एवढंच तिला म्हणता येत होतं आणि तेही नीट येत नव्हतं.

मोठेबाबा उठून बसले. "अवं," ते म्हणाले, "अवं, असं काय करून राहिली? हाय ना मी. इथंच हाय. हे पाय." त्यांनी वाकळ बाजूला केली, जणू आपण खाली आहोत हे तिला दाखवायला. तरी ती थांबेना. तेव्हा त्यांनी तोच चहाचा कप उचलून तिच्या तोंडाला लावला.

आवाज ऐकून आई धावली, आत्या धावली, आणि तुळजाबाई तर कधीचीच दारात होती.

"मेलेल्यानं पाणी पाजलं," तुळजाबाई हळूच म्हणाली.

"चहा हाय तो," आत्या म्हणाली.

"चालते. रडली ना ते? खरं रडली?"

"तिचं नाक पाय," आत्या म्हणाली. "यापरीस खरं काय असते?" आणि भाचीकडे पाहता-पाहता तिनंही जो टाहो फोडला, तो गल्लीच्या तोंडापर्यंत गेला.

"तुहं आता फुकट हाय," तुळजाबाईनं तिला सांगितलं. "पोट्टीचं धरायचं."

"पण घरातलं चालत नाही म्हणे ना तुम्ही," आईला भलत्या वेळी नियम आठवला. "परक्या घरचं पाहजे म्हणे."

सगळ्या तुळजाबाईकडे बघायला लागल्या. मोठेबाबाही. तुळजाबाईनं पदर सावरला. तिच्या शास्त्राला उत्तर नाही असं कधी झालं नव्हतं.

"पोरगी हाय ना ते?" ती म्हणाली. "पोरगी म्हणजे परक्या घरचंच धन. मी काय आज सांगून राहिली का? उतरलं."

जयवंता उचक्या देता-देता थांबली. आजवर या एका वाक्यापायी तिनं तुळजाबाईच्या किती तिरड्या बांधल्या होत्या. त्या सगळ्या तिनं तिथल्या तिथं सोडून टाकल्या. एकच ठेवली, सरळ बांबूची.

मोठेबाबांनी उरलेला चहा पिऊन टाकला. "रुखमी," ते म्हणाले, "ते कार्ड दाव."

तेव्हा सगळ्यांच्या ध्यानात आलं की ज्याचं चित्र होतं, त्यानं ते अजून पाहिलंच नव्हतं. आत्यानं कार्ड काढलं. चार हातांतून फिरून त्याला तेल-हळद लागली होती. मोठेबाबांनी ते खिडकीच्या उजेडात धरलं आणि पाहत राहिले. माग काही चालू नव्हता, त्यामुळे तो थांबायचा प्रश्न नव्हता. जयवंताला कळेना की आता पास-नापास कशावरून ओळखायचं.

"हे नाक कोणाचं?" त्यांनी विचारलं.

"तुमचंच," जयवंता म्हणाली.

"येवढं हाय?"

आणखी एक विडी ओढून आलेले महादेवराव दारातून म्हणाले, "कार्डात बसत नव्हतं. म्हणून लहान काढलं पोट्टीनं."

'खुक्.'

मग मोठेबाबा असे हसले की खाट करकरली. हसताना त्यांना ठसका लागला, आणि तुळजाबाईनं त्यांची पाठ चोळली, कारण आत्ताच उतरलेलं पुन्हा चढायला नको. त्या दिवशी दुपारीच त्यांनी ताणा मागावर चढवला. नत्थूजी पाळीवरून आला तर गल्लीच्या वळणावरच त्याला खटक-खटक ऐकू आलं. त्यानं चप्पल काढायच्या आधी फळीवरची दौत खाली काढली.

आत्या उमरेडला परत निघाली तेव्हा जयवंतानं कार्ड मागितलं. भित्तिपत्रकासाठी हवं होतं. कुसुमताईंना ती सांगणार होती की ज्याच्या मरणाचं चित्र आहे, त्यानं स्वतः पाहून पास केलंय, आता शेवंती नाही काढत.

"माह्या नावानं आलं, माहं हाय," आत्या म्हणाली, आणि कार्ड कमरेच्या पिशवीत गेलं. "तुले पाहजे तं दुसरं काढ. नमुना घरीच हाय तुह्या."

म्हणून रविवारी सकाळी मोठेबाबा अंगणात खाटेवर मेल्यासारखे पडले आणि जयवंता कागद घेऊन समोर बसली. मोठेबाबा एक डोळा उघडा ठेवून बोलत होते. मान अवघडली, ऊन डोळ्यावर येते, नाक जरा सांभाळून. तुळजाबाई ओट्यावरून आधी म्हणाली की असला अभद्रपणा तिनं जन्मात पाहिला नाही. मग म्हणाली, पाय असे फाकून नसतात. मग तिला राहवलं नाही, खाली उतरून तिनं मोठेबाबांचे दोन्ही अंगठे जोडले, हात छातीवर नीट ठेवले आणि लांब उभं राहून पाहिलं. "आता बराबर मेल्यावानी दिसतो," ती समाधानानं म्हणाली.

तेवढ्यात भिंतीवर काव-काव झालं. तोच होता की दुसरा, कोण सांगणार. तुळजाबाईचा हात तोंडावर गेला.

मोठेबाबांनी हात-पाय हलवले नाहीत. फक्त तो एक डोळा भिंतीकडे फिरवला.

"जयवंते," ते खालच्या आवाजात म्हणाले, "त्याले म्हण, जरा इकडं सरक. चित्रात त्यालेबी घ्यायचं हाय."

जयवंताचा हात हसण्यानं हलला, टाक घसरला आणि नाक आणखीच लांब झालं. तिनं ते तसंच राहू दिलं.